निद्रेचें रसायन

मावळांतील भाजे येथील लेण्यांत बौद्ध भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीं खोदलेल्या या खोल्यांतून भिंतीस लागून दगडी ओटे कोरलेले दिसतात. रात्रीं भिक्षु त्याच ओट्यांवर अंग टाकीत. आज त्या डोंगराजवळून आगगाडीनें मुंबई-पुण्यास ये-जा करणाऱ्या कित्येक माणसांस मऊ गादीवरही झोंप लागत नाहीं. तेव्हां असा प्रश्न सहजच उभा राहतो कीं, झोंप ही शरीरांत उत्पन्न होणारी एकादी वस्तु आहे काय? आणि असल्यास ती बाटलींत भरून विकत घेतां येईल काय?

शास्त्रज्ञांस हा प्रश्न फार पूर्वींच पडला होता. 1909 च्या सुमारास जपानांत इशिमोरी यांनीं, आणि त्याच काळांत पॅरिस येथें लजांद्र व पिएराँ यांनीं, कुत्र्यांना अनेक दिवस जागें ठेवलें. पुढें पॅरिसच्या प्रयोगांत अशा कुत्र्यांच्या मेंदूभोंवतालचा द्रव काढून तो ताज्यातवान्या कुत्र्यांस टोंचला, तों तींही पेंगूं लागलीं. जागरणानें शरीरांत कांहीं द्रव्य सांचतें व तेंच झोंप आणतें, असें अनुमान यावरून निघालें.

या अनुमानाचा धागा स्वित्झर्लंडमधील बासेल येथें माँन्ये व शोएननबर्गर यांनीं पुढें नेला. सशाच्या मेंदूंतील थॅलॅमस नामक भागास सौम्य विद्युत्प्रवाह देऊन त्यांनीं त्यास झोंप आणली, आणि मेंदूकडून परतणाऱ्या रक्तांतून सूक्ष्म द्रव्य गाळून घेतलें. तें दुसऱ्या सशांना टोंचतां त्यांच्या मेंदूंत गाढ निद्रेच्या मंद विद्युत्लहरी वाढल्या. या लहरींस डेल्टा म्हणतात, म्हणून त्या द्रव्यास ‘डेल्टानिद्राकारक पेप्टाइड’ असें नांव मिळालें. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. हा तुकडा अवघ्या 9 अमिनो आम्लांची माळ आहे, हें 1977 सालीं प्रसिद्ध झालें. तो कृत्रिम रीतीनें बनवितां येऊं लागला, तेव्हां निद्रानाशावर रामबाण उपाय हातीं आला असें पुष्कळांस वाटलें.

परंतु पुढील कसोटींत ही आशा उतरली नाहीं. एका प्रयोगशाळेंत दिसलेला परिणाम दुसरींत दिसेना. निद्रानाशाच्या रोग्यांवर प्रयोग झाले. कांहींत थोडा गुण दिसला. मात्र ज्या प्रयोगांत औषध कोणास दिलें व निर्गुण द्रावण कोणास दिलें हें रोगी व वैद्य या दोघांपासूनही गुप्त ठेवलें होतें, त्यांत फरक अगदींच क्षुल्लक निघाला. शिवाय शरीरांत हें पेप्टाइड ज्या जनुकापासून बनावें तें जनुकही अद्याप निश्चितपणें सांपडलेलें नाहीं. आणि तरीही आज ‘केवळ संशोधनासाठीं’ अशी चिठ्ठी लावलेल्या त्याच्या कुप्या विकल्या जातात, व झोंपेस आंचवलेलीं माणसें त्या स्वतःला टोंचून घेण्यास उद्युक्त होतात. ती चिठ्ठी म्हणजे शुद्धतेची वा निर्धोकपणाची हमी नव्हे. माणसासाठीं हें औषध मान्य झालेलें नाहीं, एवढाच तिचा अर्थ.

यावरून पेप्टाइडांचा व निद्रेचा कांहींच संबंध नाहीं, असें मात्र समजूं नये. 1998 सालीं दोन निरनिराळ्या संशोधकमंडळींनीं मेंदूंतील एक पेप्टाइड शोधून काढलें. एका मंडळीनें त्यास ओरेक्सिन म्हटलें, दुसरीनें हायपोक्रेटिन. हें द्रव्य मनुष्यास झोंपवीत नसून जागें ठेवतें. तें निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या म्हणजे भरदिवसां अनावर झोंप आणणारा नार्कोलेप्सी हा रोग जडतो. या द्रव्याचें कार्य रोखणारें पहिलें औषध 2014 सालीं अमेरिकेंत मान्य झालें. म्हणजे निद्रेची किल्ली शोधावयास निघालेल्यांना जागृतीची किल्ली सांपडली, आणि तीही वर्षानुवर्षांच्या पडताळ्यानंतरच औषध म्हणून वापरांत आली.

असा पडताळा घेण्याची वृत्ति मावळास परकी नाहीं. 1924 सालीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमींचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनीं कैवल्यधामाची स्थापना केली व त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक सुरू केलें. नौलि करतांना पोटांत नेमकें काय घडतें हें त्यांनीं केवळ ग्रंथावरून मानलें नाहीं. क्ष-किरण व दाबमापक यंत्र यांच्या साह्यानें तें पाहिलें. आंतड्यांत जो अंशतः निर्वात उत्पन्न होतो, त्यास त्यांनीं आपल्या गुरूंच्या नांवावरून ‘माधवदास निर्वात’ असें नांव दिलें. गुरूविषयींची भक्ति आणि यंत्रावरील आंकडा या दोहोंत त्यांना विरोध वाटला नाहीं. प्राणायामानें शरीरांत प्राणवायूचा मोठा सांठा होतो ही लोकप्रिय समजूतही त्यांनीं मोजून पाहिली, आणि प्राणायामाचें महत्त्व त्यांत नाहीं असें सांगितलें.

पुढें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. दाते व त्यांचे सहकारी यांनीं रक्तदाबाच्या 47 रोग्यांवर शवासनाचा प्रयोग केला. त्यांत कैवल्यधामाचे डॉ. विनेकर यांचाही सहभाग होता. 1969 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधांत अनेक रोग्यांचा रक्तदाब उतरल्याची नोंद आहे. हा प्रयोग रक्तदाबाचा होता, निद्रेचा नव्हता. म्हणून त्यावरून शवासनानें निद्रानाश बरा होतो असा निष्कर्ष काढणें हें, सशास आलेल्या झोंपेवरून माणसासाठीं कुपी विकण्याइतकेंच उतावळेपणाचें ठरेल. मोजलें तेवढेंच सांगावें, हा नियम आपल्या परंपरेलाही लागू पडतो.

मग ज्या घरांत कोणी रात्रभर कूस बदलीत असतो, त्या घरानें काय करावें? उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. झोंप न आल्यास अंथरुणांत तळमळत पडण्यापेक्षां उठून मंद प्रकाशांत कांहीं शांतपणें करीत बसावें, आणि डोळे जड झाले म्हणजे पुन्हां पाठ टेकावी. अंथरूण व जागरण यांची पडलेली सांगड अशानें हळूहळू सुटते; निद्रानाशाच्या वर्तनोपचारांतील हा एक प्रमुख भाग असून त्याची परीक्षा अनेक वेळां झालेली आहे. तरीही आठवडेच्या आठवडे झोंप येत नसेल, अथवा झोंपेंत घोरणें व श्वास अडकणें असा प्रकार असेल, तर वैद्याकडे जावें. कारण त्याचें कारण निराळें असूं शकतें. आणि कोणी ‘संशोधनाची’ म्हणून कुपी पुढें केलीच, तर संशोधन कोणावर चालले आहे, एवढा एक प्रश्न त्यास अवश्य विचारावा.