यंत्र, सत्ता आणि सत्यनिष्ठ लेखणी

(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



सत्तेने धनाला हाताशी धरले आणि धनाने सत्तेचा आधार घेतला, की सामान्य माणसाची काय अवस्था होते, याचे दाखले इतिहासात पानोपानी आहेत. आपल्या काळात या दोघांच्या जोडीला तिसरी शक्ती येऊन बसली आहे. ती म्हणजे यंत्र, किंबहुना यंत्राच्या पोटातील आज्ञावली. माणूस खोटे बोलू शकतो हे सर्वांना ठाऊक असते, पण संगणकही चुकीचे सांगू शकतो हे मात्र भल्याभल्यांच्या गळी उतरत नाही. या अंधश्रद्धेची किंमत ब्रिटनमधील शेकडो निरपराध कुटुंबांनी मोजली. त्यांची कहाणी आज समजून घ्यायची आहे, आणि ती प्रथम जगापुढे आणणाऱ्या एका लहानशा, संगणक व्यवसायाला वाहिलेल्या साप्ताहिकाचीही.

प्रणाली आली कशी?

ब्रिटनमध्ये खेड्यापाड्यांतील टपाल कार्यालय हे पुष्कळदा दुकानाला जोडून असते. ते चालविणारा सब-पोस्टमास्तर पगारी नोकर नसतो, तर करारावर काम करणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो. हिशेबात तूट आली तर ती त्याने खिशातून भरावी, अशी कराराची अट असल्याचे त्याला बजावले जात असे. टपाल खात्याची ही कंपनी पूर्णतः सरकारच्या मालकीची.

१९९६ मध्ये या कार्यालयांच्या संगणकीकरणाचे कंत्राट ‘आयसीएल’ या कंपनीच्या गटाला मिळाले. ही कंपनी १९६८ मध्ये ब्रिटिश सरकारच्याच पुढाकाराने, राष्ट्रीय संगणक उद्योग उभा राहावा म्हणून, अनेक कंपन्यांच्या विलीनीकरणातून जन्मली होती. पुढे तिची मालकी जपानच्या ‘फुजित्सू’कडे गेली. मूळ योजना सरकारी साहाय्यभत्ते कार्डाद्वारे वाटण्याची होती. ती रखडली, खर्च वाढत गेला आणि १९९९ मध्ये भत्त्यांचा भाग रद्द झाला. टपाल कार्यालयांसाठी मात्र तीच प्रणाली पुढे रेटण्यात आली. तिचे नाव ‘होरायझन’.

शंका कुणाला आल्याच नव्हत्या असे नाही. डिसेंबर १९९८ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्यापुढे या प्रकल्पाविषयी इशारा देणारी टिपणी ठेवली गेली होती. प्रकल्प मोडला तर फुजित्सूची ब्रिटनमधील गुंतवणूक आणि जपानशी असलेले व्यापारी संबंध यांना धक्का बसेल, ही चिंता सरकारी पत्रव्यवहारात उघड दिसते. येथे कोणी पाकीट दिले-घेतले असे नाही. पण सरकार आणि कंपनी एकमेकांत इतकी गुंतली होती, की माघार घेणे दोघांनाही परवडणारे नव्हते. दुर्दैवाने त्याच १९९९ या वर्षी एका कायद्याने, संगणकीय पुरावा देण्यापूर्वी यंत्र नीट चालत होते हे सिद्ध करण्याची जुनी अट काढून टाकली. यंत्र बरोबरच आहे असे गृहीत धरले जाऊ लागले, आणि ते चुकले हे दाखविण्याचा भार आरोपीवर येऊन पडला.

‘असे फक्त तुमच्याकडेच होते’

त्यानंतर दुकानादुकानांत न घडलेल्या तुटी दिसू लागल्या. हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन मदतकेंद्राशी दूरध्वनीवर बोलत, सांगितल्याप्रमाणे कळा दाबत होत्या, तर पडद्यावरील तूट त्यांच्या डोळ्यांदेखत दुप्पट झाली. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी सुमारे २५ हजार पौंडांच्या तुटीविरुद्ध न्यायालयात झुंज दिली. ते हरले आणि ३ लाख २१ हजार पौंडांचा खर्च अंगावर येऊन दिवाळखोर झाले. अनेकांना एकच उत्तर मिळे: असे फक्त तुमच्याकडेच होते, इतर कोणाची तक्रार नाही. हे धादांत असत्य होते.

यात भारतीय वंशाची कुटुंबेही मोठ्या संख्येने होती. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांच्यावर ७४ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप ठेवण्यात आला. ११ नोव्हेंबर २०१० रोजी, मुलाच्या दहाव्या वाढदिवशी, त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गर्भवती होत्या. या निकालामुळे होरायझनवर दोष ढकलणाऱ्या इतरांना आळा बसेल, अशी आशा टपाल कंपनीच्या विधी विभागातून सहकाऱ्यांना कळविण्यात आली. तपास अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांत संशयितांच्या नोंदीसाठी वंशाधारित, अवमानकारक वर्गवारी वापरली जात होती, हे २०२३ मध्ये उघड झाले. परदेशी जाऊन कष्टाने दुकान उभारणाऱ्या, नातलगांत मानाने वावरणाऱ्या माणसाला ‘चोर’ हा शब्द किती खोल जखम करतो, हे येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला सांगावे लागणार नाही.

लेखणी उठली

वेल्समधील लॅंडुडनो येथील अॅलन बेट्स यांनी तुटीची रक्कम भरण्यास नकार दिला, म्हणून २००३ मध्ये त्यांचे टपाल कार्यालय काढून घेण्यात आले. त्यांनी ‘कम्प्युटर वीकली’ या साप्ताहिकाला लिहिले. १९६६ पासून निघणारे हे पत्र. त्याचा वाचक म्हणजे संगणक विभागातला अभियंता आणि व्यवस्थापक. सनसनाटी हा त्याचा धर्म नव्हे. एका तक्रारीवर बातमी करणे त्याच्या शिस्तीत बसत नव्हते. पुढे कॅसलटन यांची हकिकत आली, मग तिसरी, चौथी. रिबेका थॉमसन या तरुण वार्ताहर महिलेने एकेकाला गाठले, हिशेब तपासले, परस्परांना न ओळखणाऱ्या माणसांच्या कथनांतील साम्य टिपले. वकिलांकडून शब्दन् शब्द तावून सुलाखून घेतल्यावर मे २००९ मध्ये सात सब-पोस्टमास्तरांच्या कहाण्या प्रसिद्ध झाल्या.

आणि काय झाले? जवळजवळ काहीच नाही. मोठ्या वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. टपाल कंपनीने प्रणाली भक्कम असल्याचे ठणकावून सांगितले. खटले चालूच राहिले. सीमा मिश्रा यांची शिक्षा तर या लेखानंतरची आहे.

तरीही तो लेख वाया गेला नाही. आपण एकटे नाही, हे विखुरलेल्या माणसांना त्यातून कळले. त्याच वर्षी बेट्स यांनी फेनी कॉम्प्टन या खेड्यात पीडितांची पहिली बैठक घेतली आणि संघटना उभी राहिली. सीमा यांचे पती टॅक्सी व्यवसायात होते. त्यांच्याशी संपर्क आल्यावर निक वॉलिस या पत्रकाराने हा विषय जो हाती घेतला, तो सोडला नाही. २०१५ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात फुजित्सूचे माजी अभियंता रिचर्ड रोल यांनी सांगितले, की दुकानातील हिशेबात कंपनी दुरून बदल करू शकत होती. टपाल कंपनी नेमके हेच नाकारत आली होती. ‘कम्प्युटर वीकली’ने तर शेकडो बातम्यांतून हा धागा अखंड ठेवला.

सत्याचा उशिरा झालेला विजय

५५५ पीडितांच्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला. टपाल कंपनीची भूमिका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे असे म्हणण्यासारखी आहे, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय होता. ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची तडजोड झाली, पण खर्च वजा जाता पीडितांच्या हाती सुमारे १ कोटी २० लाखच उरले. २३ एप्रिल २०२१ रोजी सीमा मिश्रा यांच्यासह ३९ जण निर्दोष ठरले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक माणसांना दोषी ठरविले गेले होते. अखेर मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करूनच शेकडो शिक्षा पुसल्या. जुलै २०२५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या खंडानुसार, किमान १३ जणांनी या छळापायी जीवन संपविले असावे. त्यांना कोणता कायदा परत आणणार?

आपल्यासाठी बोध

आपल्या महाराष्ट्राला या विषयाची जुनी ओळख आहे. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. छत्रपतींच्या छळाविरुद्ध उठलेली त्यांची लेखणी निःस्वार्थ होती, पण ज्या पत्रांवर ती विसंबली ती बनावट निघाली. निर्भयतेला पडताळणीची जोड हवी, हा धडा पुण्यात तेव्हाच मिळाला होता. आणीबाणीत, १९७५ मध्ये, लेखणीवर पहारा बसला, तेव्हा मूक झालेल्या समाजाची घुसमट अनेक स्वयंसेवक कुटुंबांनी घरातला कर्ता माणूस कारागृहात असताना अनुभवली आहे.

१९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शन मांडले. त्याच्या केंद्रस्थानी माणूस आहे, राज्यही नाही आणि भांडवलही नाही. हीच कसोटी संगणकालाही लावली पाहिजे. आपल्या देशात शिधा, निवृत्तिवेतन, बँक, जमिनीचा उतारा असे सारे पडद्यावर आले आहे, आणि त्याने दलालांचे हात आखडले हे इष्टच झाले. पण ‘यंत्रात नाव नाही’ एवढ्या शब्दांवर एखाद्या म्हातारीला खिडकीवरून परत पाठविले जाते, तेव्हा तिची बाजू तपासणारा कोणीतरी असला पाहिजे. ती प्रणाली कोणी बनविली, कंत्राट कसे मिळाले, चूक झाली तर उत्तर कोण देणार, हे विचारणारा पत्रकार राष्ट्राचा शत्रू नसतो. सत्तेवर आपल्या विचारांची माणसे असोत वा परक्या, प्रश्न तोच राहिला पाहिजे. कसोटी एकच: त्याने पुरावा तपासला आहे काय?

संस्थेची प्रतिष्ठा जपायची म्हणून ब्रिटनच्या टपाल कंपनीने सत्य दडपले, आणि अखेर शतकानुशतकांची तीच प्रतिष्ठा धुळीला मिळविली. संस्था, मग ती सरकारी असो, खासगी असो वा आपली स्वतःची असो, दोष झाकून मोठी होत नाही. तो वेळीच मान्य करून, निरपराधाचे अश्रू पुसून ती मोठी होते. ‘सत्यमेव जयते’ हे आपले राष्ट्रीय बोधवाक्य आहे. मात्र सत्याला स्वतःचे पाय नसतात. कोणीतरी त्याला खांद्यावर घेऊन चालावे लागते, कधी वर्षानुवर्षे, कधी एकट्याने. त्या चालणाऱ्याच्या वाटेत आपण काटे पेरणार नाही, उलट जमेल तेवढी साथ देऊ, एवढा संकल्प येथून जाताना प्रत्येकाने करावा.

भारत माता की जय!