निवेदन कुणाच्या नावे?

विधानसभेत २८८ आमदार. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनुसार मुख्यमंत्र्यांसह मंत्री पंधरा टक्क्यांपर्यंतच, म्हणजे जास्तीत जास्त ४३. कॅबिनेट मंत्री खातं सांभाळतात, राज्यमंत्री त्यांना मदत करतात. 'पालकमंत्री' हे पद घटनेत नाही, पण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तेच असतात.

म्हणून नई जिंदगीत गटार तुंबली तर महापालिका गाठा. जिल्ह्याच्या निधीसाठी पालकमंत्री. अल्पसंख्याकांच्या योजनेसाठी अल्पसंख्याक विकास विभाग. सगळी निवेदनं मुख्यमंत्र्यांच्या नावे देऊन फोटो काढला, म्हणजे काम झालं असं नाही. योग्य खात्याला लिहा, आवक क्रमांक घ्या, पाठपुरावा करा. तरीही अडलं, तर आपल्या आमदाराला सभागृहात प्रश्न विचारायला सांगा. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेलाच जबाबदार असतं.