बाळंतपणानंतरची साखर



साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, म्हातारपणीच होतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पोटुशी बाईच्या रक्तातही साखर वाढते. त्या वेळी दुखत-खुपत काही नाही. ती तपासूनच कळते.

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात. दोन तासांनी रक्त पाहतात. आकडा १४० किंवा जास्त आला, तर उपचार हवा. आरोग्य केंद्रात पहिल्यांदा नाव नोंदवाल, तेव्हाच ही तपासणी करून घ्या. साखर ठीक निघाली, तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करा.

साखर वाढलेली राहिली, तर बाळ पोटात फार मोठे होते. बाळंतपण अडते. पथ्याचे जेवण, चालणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध, एवढ्याने ती ताब्यात राहते.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते. घरचे म्हणतात, "गेली एकदाची!" इथेच फसगत होते. अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो.

आम्ही एवढेच सांगतो. बाळाची दीड महिन्याची लस आपण चुकवीत नाही. त्याच दिवशी आईची साखरही तपासा. पुढे दरवर्षी तपासा. बाळाबरोबर आईही जपायची आहे.