फुप्फुसांभोवतीची पोकळी



बरगडीत उसण भरली की तेल चोळणे, शेक देणे हा घरोघरचा उपाय होय. पुष्कळदा ते दुखणे स्नायूचेच असते आणि दोन दिवसांत जाते. परंतु खोल श्वास घेताना वा खोकताना कुशीत कळ येत असेल आणि जोडीला ताप असेल, तर दुखण्याचे मूळ अधिक आत असू शकते. ते समजण्यासाठी छातीची रचना ठाऊक हवी.

बरगड्यांच्या १२ जोड्या, पुढे उरोस्थी, मागे पाठीचा कणा आणि तळाशी घुमटाकार श्वासपटल यांनी छातीची पोकळी बंदिस्त झालेली असते. तिच्या मध्यभागी हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका व अन्ननलिका असतात. दोन्ही बाजूंस एकेक फुप्फुस असते. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. प्रत्येक फुप्फुसाला दुपदरी आवरण असते. आतला पदर फुप्फुसाला चिकटलेला, तर बाहेरचा बरगड्यांना आतून अस्तरासारखा लागलेला. दोहोंमध्ये केवळ ओलाव्यापुरता द्रव असतो. काचेची दोन ओली तावदाने एकमेकांवर सरकतात, पण सहजी विलग होत नाहीत. तसेच हे पदर. म्हणूनच छाती फुगली की फुप्फुसही फुगते.

या आवरणाला दाह झाला की पदर एकमेकांवर घासतात. बाहेरच्या पदराला वेदनेची जाणीव असल्यामुळे तीव्र कळ येते. पुढे पोकळीत पाणी साचू लागले की पदर दूर होतात, घासणे थांबते आणि कळ ओसरते. रोग्याला वाटते, गुण आला! वस्तुतः पाणी वाढत असते, फुप्फुस दबत असते आणि चार पायऱ्या चढताच धाप लागू लागते. कळ थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

हे पाणी ओळखण्याची एक युक्ती व्हिएन्नातील वैद्य आउएनब्रुगर यांनी १७६१ साली ग्रंथरूपाने मांडली. छातीवर बोटाने ठोकले असता हवा भरलेल्या भागाचा नाद पोकळ येतो, पाणी साचलेल्या भागाचा बद्द. डॉक्टर आजही असेच ठोकून पाहतात. मग क्ष-किरण चित्राने खात्री करतात.

सुईने पाणी काढण्याचे अनेकांना भय वाटते. बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात. म्हणून सुई बरगडीच्या वरच्या कडेलगत, जागा बधिर करून घालतात. त्या पाण्याच्या तपासणीवरून रोगाचे कारण शोधता येते.

आपल्या देशात, विशेषतः तरुण वयात, याचे एक प्रमुख कारण क्षयरोग हे आहे. कधी हे पाणी औषधावाचूनही आटते. परंतु जंतू आत दबा धरून राहतात आणि पुढे काही वर्षांनी फुप्फुसाचा क्षय उद्भवू शकतो. वेळीच निदान झाल्यास साधारणतः सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी हा रोग बरा होतो. शासकीय आरोग्य केंद्रांत क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात.

शिक्षकांनी ही माहिती वर्गात सांगावी, ग्रामसेवकांनी ग्रामसभेत मांडावी. कुशीतली कळ, ताप आणि धाप यांची सांगड जिथे दिसेल, तिथे तेलाच्या बाटलीवर विसंबू नये; रोग्याला आरोग्य केंद्रात न्यावे.