समुद्रातले भोवरे आणि आपला मावळ



सुदुंबऱ्यातून समुद्र दिसत नाही. म्हणून त्याचा आपल्याशी संबंध नाही, असे समजू नका. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने मावळातही घरांचे पत्रे उडवले.

नदीच्या धारेत पडतात तसेच, पण शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीचे भोवरे अरबी समुद्रात किनाऱ्यालगत पडतात. आपल्याकडे घड्याळाच्या उलट फिरणारा भोवरा खालचे थंड, पोषक पाणी वर आणतो. त्यावर मासळी पोसते. घड्याळाप्रमाणे फिरणारा भोवरा उबदार पाणी खोलवर साठवतो. त्यावरून जाणारे वादळ बळावू शकते.

हवामानबदलाने समुद्र तापत आहे. वरचे पाणी तापून हलके झाले, की खालचे पोषक पाणी वर येणे अवघड होते आणि वादळांना ऊब अधिक मिळते.

याचा अभ्यास गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि पुण्यात पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था करतात. ‘निसर्ग’ची सूचना आधी मिळाली, म्हणूनच किनाऱ्यावरील हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवता आले. ती सूचना शिकलेल्या माणसांनीच दिली होती. तेव्हा मुलगा असो वा मुलगी, शिक्षण दहावीवर थांबवू नका.