बाबांचे चार लाख आणि 23 मार्चची दुपार

मागच्या भागात आपण इंडेक्स फंडावर बोललो होतो. त्यावर तुमचे बरेच मेसेज आले आणि त्यातला एक प्रश्न फिरून फिरून येत राहिला. "दादा, वडील रिटायर झालेत, पैसे बँकेत नुसते पडून आहेत. फंडात टाकू का?"

याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईल, पण देणार नाही. कारण हेच मी स्वतः केलंय, 2020 मध्ये. ही गोष्ट आजवर या पॉडकास्टवर सांगितली नव्हती. लाज वाटते म्हणून, दुसरं काही नाही.

तर माझे बाबा. कराडजवळ आमचं गाव. बाबा साखर कारखान्यात होते, 2019 च्या शेवटी साठ पूर्ण होऊन रिटायर झाले. हातात आले अकरा लाख. मी तेव्हा पुण्यात नोकरीला, 2017 पासून एसआयपी चालू. आता 2017 हे साल कसं होतं बघा: निफ्टी त्या एका वर्षात जवळपास 28 टक्के वाढला होता. ज्यानं त्या वर्षी सुरुवात केली त्याला वाटणारच की आपल्याला यातलं कळतं. मला वाटलं. ऑफिसात चहाच्या टपरीवर मी लोकांना फंड सुचवायचो. हसू नका, तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच.

बाबांनी स्वतःच्या मनानं पाच लाख पोस्टात टाकले, सिनियर सिटिझन स्कीममध्ये. तेव्हा व्याज 8.6 टक्के होतं, पाच वर्षांसाठी पक्कं. म्हणजे दर तिमाहीला 10,750 रुपये. दोन लाखांची बँकेत एफडी केली. राहिले चार लाख. ते म्हणाले, "हे असू दे खात्यावर." मी म्हटलं, "खात्यावर साडेतीन टक्के मिळतात बाबा, महागाई खाऊन टाकेल." आणि संक्रांतीच्या दिवशी, 15 जानेवारी 2020 ला, त्यांच्या फोनवर केवायसीपासून सगळं करून चार लाख एकरकमी निफ्टी इंडेक्स फंडात टाकले. आईनं तिळगूळ दिला, मी ओटीपी टाकला. निफ्टी त्या दिवशी 12,343 वर बंद झाला होता.

एक गोष्ट इथंच लक्षात ठेवा. मी त्यांना फंड समजावला, एनएव्ही समजावली, डायरेक्ट प्लॅन का घ्यायचा हेही समजावलं. एक साधा प्रश्न मात्र विचारला नाही.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे. मार्चमध्ये ऑफिसनं घरून काम करायला सांगितलं, मी गावी आलो. 22 तारखेच्या रविवारी जनता कर्फ्यू झाला, आमच्या गल्लीतही थाळ्या वाजल्या. सोमवारी, 23 मार्चला, बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात दहा टक्के पडला आणि लोअर सर्किट लागलं. म्हणजे पंचेचाळीस मिनिटं व्यवहार बंद. असं झालं की लोकांना शांत व्हायला वेळ मिळावा, ही त्यामागची कल्पना. मी त्या पंचेचाळीस मिनिटांत शांत झालो नाही, उलट घामाघूम झालो. बाजार परत सुरू झाला आणि अजून खाली गेला.

दुपारी जेवून बाबा आडवे झाले होते. त्यांचा फोन खिडकीत चार्जिंगला. सव्वादोनला मी तो घेतला, ॲप उघडलं, सगळे युनिट विकायला टाकले, ओटीपी आला, तो भरला. मेसेज डिलीट केला. हो, डिलीट केला.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना माहिती नसते. शेअर विकताना समोर भाव दिसतो. फंडात तसं नसतं. तीनच्या आत ऑर्डर टाकली तर त्या दिवशीची एनएव्ही मिळते, पण ती बाजार बंद झाल्यावर ठरते. म्हणजे मी सव्वादोनला विकलं तेव्हा किती मिळणार हे मला माहितीच नव्हतं. निफ्टी 7,610 वर बंद झाला. एका दिवसात जवळपास 13 टक्के खाली, आणि त्या सबंध वर्षातला तो सगळ्यात खालचा बंद भाव. बरोबर त्याच दिवशी आपण विकलं! चार लाखांचे राहिले साधारण दोन लाख सेहेचाळीस हजार.

पाडवा दोन दिवसांवर होता. लॉकडाऊनमध्येच गुढी उभारली.

मग सुरू झालं ते रोज रात्रीचं. जेवताना बाबा विचारायचे, "आपलं ते कसं हाय?" मी म्हणायचो, "ठीक आहे." एप्रिल गेला. बाजार वर यायला लागला होता, त्यामुळे माझी अवस्था अजून वाईट. पडला असता तर निदान म्हणता आलं असतं की वाचवले पैसे.

मेच्या मध्यावर मिस्त्री आला. आमच्या मागच्या दोन खोल्यांवर पत्रा होता, पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागायच्या. पत्रा काढून स्लॅब टाकायचा हे बाबांनी रिटायर व्हायच्या आधीपासून ठरवलेलं. खर्च तीन लाख. मिस्त्रीला पंचवीस हजार उचल हवी होती, जूनच्या आत काम उरकायचं होतं. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "काढ त्यातनं."

तेव्हा सांगितलं. मिस्त्री गेल्यावर, ओट्यावर बसून, सगळं. विकलं, न विचारता विकलं, दीड लाख गेले.

बाबा उठून आत गेले आणि पासबुक घेऊन आले. एप्रिलच्या शेवटी पैसे काढायला गेले होते तेव्हा भरून आणलेलं. त्यात ती एन्ट्री होती. तीन आठवडे त्यांना माहिती होतं आणि तरी ते रोज विचारत होते, "आपलं ते कसं हाय?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुला बाजार कळत असंल. पैसे कधी लागणार ते मला ठाऊक होतं. तू इचारलंच न्हाईस."

आता नंतर मी हिशोब केला, तो तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. ही गोष्ट ऐकून प्रत्येक जण म्हणतो, "अरे, घाबरून विकलंस ना, तीच चूक. धरून ठेवायला हवं होतं." मीही वर्षभर स्वतःला तेच सांगत होतो. कारण त्या दिवाळीला निफ्टी 12,700 च्या वर होता. चार लाखांचे चार लाख झाले असते, वर थोडे जास्तच.

पण थांबा. आम्हाला पैसे दिवाळीला लागणार नव्हते, मेमध्ये लागणार होते. 15 मेला निफ्टी होता 9,136. समजा मी मार्चमध्ये फोनला हातही लावला नसता, तर त्या दिवशी चार लाखांचे झाले असते दोन लाख शहाण्णव हजारांच्या आसपास. स्लॅबचा खर्च तीन लाख. म्हणजे सगळेच्या सगळे विकावे लागले असते, आणि दिवाळीत बाजार वर गेला तेव्हा आमचा एक युनिटही तिथं नसता.

मार्चची चूक पन्नास हजारांची होती. उरलेले लाखभर संक्रांतीलाच गेले होते, मी ते चार महिन्यांनी लागणारे पैसे शेअरबाजारात टाकले तेव्हा. घाबरणं वगैरे नंतरचं.

म्हणून कोणी विचारलं "टाकू का?" तर मी आधी विचारतो, कशाला आणि कधी लागणार आहेत? लग्न, फी, घर, ऑपरेशन, जे असेल ते. दोन-तीन वर्षांत लागणार असतील तर एफडी, पोस्ट, फार तर लिक्विड फंड. कंटाळवाणं आहे, मान्य. बँकेत एका बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा असतो तेवढं बघा. साठीच्या वरच्यांसाठी पोस्टाच्या त्या स्कीमची मर्यादा 2023 च्या एप्रिलपासून 15 लाखांवरून 30 लाख झाली आहे.

आणि "पाच वर्षं ठेवलं की इक्विटीत तोटा नाही" हे जे रील्समध्ये सांगतात, त्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 2008 च्या जानेवारीत निफ्टी 6,287 ला होता. 2010 च्या दिवाळीत तो जेमतेम तिथं पोचला, पण पुन्हा घसरला, आणि परत तिथं यायला 2013 ची दिवाळी उजाडली. डिव्हिडंड सोडला तर जवळपास सहा वर्षं. त्या जानेवारीत कोणीतरी आपल्या वडिलांचे पैसे टाकलेच असतील ना?

अजून एक, जाता जाता. तोटा झाला तर रिटर्न वेळेत भरा. तो तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, नंतरच्या भांडवली नफ्यातून वजा होतो. बाबांचं उत्पन्न करपात्र नव्हतं म्हणून आम्ही रिटर्न भरलाच नाही. तेही गेलं.

स्लॅब जूनमध्ये झाला. एफडी मोडली, दंड कापून गेला. माझ्या एसआयपीतून दर महिन्याला थोडं थोडं करून मी बाबांना दीड लाख परत केले, त्याला अडीच वर्षं लागली. ते घेत नव्हते, आईनं घेतले.

माझी एसआयपी आजही चालू आहे, तीही इंडेक्स फंडातच. फंडाचा यात काही दोष नव्हता.

आणि या संक्रांतीला बाबांचा फोन आला. माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे. म्हणाले, "पोरीच्या नावानं महिन्याला हजार टाक तुझ्या त्या फंडात, मी देतो. पंधरा वर्षं लागायचे न्हाईत." मग जरा थांबून, "ओटीपी मला इचारून घे."

चला, आजच्यापुरतं एवढंच. अल्पवयीन मुलांच्या नावानं फोलिओ कसा उघडायचा, कागद काय लागतात, हे पुढच्या भागात. भेटू.