म्हातारा तारा पुन्हा पळू लागतो तेव्हा

पल्सार म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर उरलेला गाभा. रुंदी जेमतेम 25 किलोमीटर, वजन सूर्याहून जास्त. तो जन्मतः गरगर फिरतो, मग वयानुसार मंदावतो. 1054 साली दिसलेल्या स्फोटातला पल्सार आज सेकंदाला 30 गिरक्या घेतो, आणि तो तर अजून पोरच आहे.

1982 साली मात्र सेकंदाला 642 गिरक्या घेणारा पल्सार सापडला. शोधणाऱ्यांत डोनाल्ड बॅकर होते आणि कुरुंदवाडला जन्मलेले, तेव्हा विद्यार्थी असलेले श्रीनिवास कुलकर्णीही. गंमत म्हणजे हा तारा म्हातारा होता! त्याच वर्षी बंगळुरूच्या राधाकृष्णन आणि श्रीनिवासन यांनी कारण मांडलं: शेजारच्या ताऱ्याचा वायू त्याच्यावर पडत राहिला आणि त्या वायूनेच त्याची गती वाढवली.

पण त्याच्या शेजारी कुणीच नव्हतं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मलाही वाटलं, मग हा हिशेब जुळणार कसा?

1988 साली एक पल्सार सापडला, तो आपल्या माऱ्याने साथीदाराची वाफ करत होता. त्याला ‘काळी विधवा’ म्हणतात. कोळिणीवरून पडलेलं हे नाव मला काही आवडत नाही. पण गती देणारा साथीदार पुढे नाहीसाही होऊ शकतो, हे त्यावरून दिसलं.

पुरावा मिळाला तो आणखी एका जोडीत. 2001 साली तिथे वायूची तबकडी दिसली होती. पुढे तबकडी गेली आणि 592 गिरक्यांचा पल्सार ऐकू आला. 2013 च्या जूनमध्ये त्याचे रेडिओ ठोके थांबले. तबकडी परत आली होती.